टाच कापलेला फोटो

३ जानेवारी

पुण्याच्या त्या खेळाच्या बातम्यांच्या पोर्टलवरून ज्योत्स्ना मॅडमचा मेसेज आला. राज्य महिला कबड्डी स्पर्धेसाठी त्यांना आपल्या भागातला एक फोटोग्राफर हवाय. "पोर्टफोलिओची लिंक पंचवीस तारखेपर्यंत पाठवा."

लिंक! माझ्याकडे रिसोडच्या स्टुडिओत एक हार्डडिस्क आहे. तिच्यात कबड्डीचे साडेचार हजार फोटो आहेत आणि तिच्यावर चहाचा डाग आहे. पोर्टफोलिओ म्हणतात तो एवढाच.

बारा वर्षं झाली, नवरदेवांच्या फेट्याचे तुरे सरळ करतोय. "मान जरा वर, वहिनी, हसा." हे काम मला पाहिजे. इतकं पाहिजे की लिहितानाही लाज वाटते.

कस्तुरचंदशेठची नात रिंकू अकोल्याला कॉम्प्युटर शिकते, सध्या घरी आलीय. ती साईट बनवून देणार आहे. बदल्यात तिच्या आतेबहिणीच्या लग्नाचा अल्बम फुकट. म्हणजे पुन्हा फेटेच.

५ जानेवारी

फोटो निवडायला बसलो. डिसेंबरमधल्या केनवडच्या स्पर्धेचे नऊशे फोटो, त्यातले पाचशे पाहुण्यांचे. आपल्याकडे कबड्डीचा फोटो म्हणजे नारळ फोडणारा पाहुणा. मग खेळाडूंशी हात मिळवणारा पाहुणा, त्यात खेळाडूची फक्त पाठ. मग बसलेले पाहुणे, मग भाषण. एका फोटोत चढाई ऐन रंगात आलीय आणि मधून एक जण शाल घेऊन चाललाय. रिंकू म्हणाली, "हा ठेवा विकासभाऊ, याच्यात दोन्ही खेळ हायेत."

सायंकाळी शेठजी स्वतः आले. स्पर्धेचा चषक त्यांनीच दिला होता. म्हणाले, "पयल्या पानावर माहा फोटो राहू दे. मोठा नको. अर्धं पान पुरे."

८ जानेवारी

साईट तयार. काळं पान, बारीक पांढरी अक्षरं, एकदम फॉरेन. रिंकूने चार कप्पे केले: ॲक्शन, इमोशन, पडद्यामागे, क्षण. आम्ही दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

घरी केनवडला आलो आणि मायच्या हातात मोबाईल दिला. म्हटलं, यात संस्कृतीचा फोटो शोध. संस्कृती म्हणजे माझी धाकटी बहीण, केनवडच्या संघाची चढाईची पोरगी. माय भाकरी टाकत होती. पिठाच्या अंगठ्याने तिने पाच मिनिटं खालीवर केलं.

"काहून लपवून ठेवली रे माही पोरगी?"

"लपवली नाही माय, कप्पे आहेत. 'ॲक्शन'मध्ये बघ."

"मले काय ठाऊक ते काय असते? मले माही पोरगी पाह्यची हाय. सरळ नाव लिहून ठेवता येत नाही काय तुले?"

मोबाईल परत दिला. स्क्रीनवर पीठ, तव्यावर करपलेली भाकर. ती भाकर मलाच वाढली.

९ जानेवारी

माय बरोबर आहे. रिंकूला हे सांगायची हिंमत उद्या करीन.

११ जानेवारी

रिंकू चिडली. "तुमी लग्नाचेच फोटो काढा." मग ऐकलं. आपल्याकडे कुणी खेळ बघायला फोटो उघडत नाही, आपलं माणूस बघायला उघडतं. म्हणून आता पांढरं पान, ठळक अक्षरं. आधी गाव. गावावर बोट ठेवलं की त्या गावच्या पोरींची नावं. नावावर बोट ठेवलं की फोटो. बास.

एका गोष्टीवर भांडण राहिलं. ती म्हणते, फोटो बारीक करून टाका, साईट जड होते. मी म्हटलं, जसेच्या तसे टाक, मोठेच. लोकांना बोटाने मोठं करून तोंड बघायचं असतं. गळ्यात काय घातलंय तेही बघायचं असतं. ती म्हणाली, "पस्तावसान." पण टाकले.

पहिल्या पानावर एकच फोटो. फायनलची शेवटची चढाई, दोन्ही बाजूंना अठ्ठावीस गुण. संस्कृती जवळजवळ आडवी, हात लांब, बोटं कारंज्याच्या कप्तानाच्या, रंजीताच्या, खांद्याला लागलेली. पंचाचे गाल फुगलेत पण शिट्टी अजून वाजलेली नाही. असा फोटो मी पुन्हा काढू शकणार नाही. त्या एका गुणावर केनवडला चषक मिळाला आणि संस्कृतीचं नाव जिल्ह्याच्या संघात गेलं. रंजीता राखीव राहिली. राज्य स्पर्धेत आता संस्कृती खेळणार आणि देवाने मनावर घेतलं तर फोटो मी काढणार.

१२ जानेवारी

संस्कृतीने लिंक तिच्या सगळ्या ग्रुपवर टाकली. दुपारपर्यंत एकशे चाळीस लोकांनी साईट उघडली. शेठजींचा फोन: "माहं गाव कोणतं टाकलं रे? मी त सापडून नाही राह्यलो."

१४ जानेवारी

संक्रांत. मायने शेजारच्या धनीबाईला हळदीकुंकवाला बोलावलं आणि तिळगुळासोबत मोबाईलही पुढे केला. आता ती गाव, नाव, फोटो असं धडाधडा उघडते. मी दारात उभा राहून ऐकत होतो. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मग माय म्हणाली, "हे पाह्य विकास, इचा पाय रेषेच्या तिकडं काहून हाय?"

बघितलं. मोठा केला. अजून मोठा केला. डावी टाच मैदानाच्या बाहेर, पूर्ण टेकलेली. टाच आणि पांढरी फक्कीची रेघ यांच्यामध्ये चार बोटं कोरडी माती. आणि हात तर आत्ता कुठे खांद्याला लागतोय. म्हणजे पाय आधी बाहेर गेला, मग हात लागला. म्हणजे संस्कृती बाद. म्हणजे तो गुण कारंज्याचा. म्हणजे चषकही कारंज्याचा.

धनीबाई म्हणाली, "फोटो मस्त हाय पन."

१५ जानेवारी

जेवण गेलं नाही. एक महिना हा फोटो मी दिवसातून दहा वेळा पाहिला, आणि फक्त उजेड पाहिला.

१६ जानेवारी

रिंकूला दाखवला. तिने टाच बोटाने झाकून पाहिली. मग म्हणाली, "खालून कापून टाका ना."

"आणि कुणी आधीच पाहिला असेल तर?"

"त्याईले काय दिसते? तुमालेच नाही दिसलं."

कापला. गुडघ्याच्या खालचं सगळं गेलं. आता संस्कृती हवेत तरंगतेय असं वाटतं. वर बारीकही करून टाकला, म्हणजे कुणी बोटाने मोठा केला तर नुसते ठिपके दिसावेत. साईट आता भराभर उघडते म्हणून रिंकू खूश.

माझी कारणं लिहून ठेवतो. एक, निर्णय पंचाचा, माझा नाही. दोन, पोरीने चार वर्षं पहाटे उठून मेहनत केलीय. तीन, झालं ते झालं. चौथं कारण खरं आहे, म्हणून शेवटी: तो फोटो पहिल्या पानावर नसला तर पुण्याचं काम मिळत नाही, आणि पूर्ण असला तर बहिणीला तोंड दाखवता येत नाही. मला दोन्ही पाहिजे.

१९ जानेवारी

लिंक पाठवली.

२१ जानेवारी

संस्कृती सरावावरून आली, बूट काढता काढता म्हणाली, "दादा, तो फोटो बदलला काय?"

"हो. साईट जड होत होती."

"पाय नाहीत त्यात."

"डिझाइनमध्ये बसत नव्हते."

"बरं," म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी रिमोट शोधायला लागलो. रिमोट हातातच होता.

२३ जानेवारी

ज्योत्स्ना मॅडमचा फोन! साईट फार आवडली म्हणाल्या. "इतकी सोपी साईट मी पाहिली नाही. माझ्या सासूबाईंनीही उघडली." मी मनातल्या मनात मायच्या पाया पडलो.

मग म्हणाल्या, "पण काय हो, कबड्डीच्या फोटोत पाय कापता? सगळा खेळ पायांत असतो. मूळ फोटो पाठवा बरं."

दोन सेकंद होते. दोन सेकंदांत माणूस खूप काही करू शकतो, संस्कृतीला विचारा. मी म्हणालो, "मॅडम, मूळ फाईल खराब झाली. हार्डडिस्कवर चहा सांडला."

"अरेरे," म्हणाल्या. खरंच वाईट वाटलं त्यांना.

२४ जानेवारी

संस्कृतीला सांगून टाकावं म्हणून मैदानावर गेलो. ती त्याच कोपऱ्यात चढाई करत होती, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी खाली बघून डावा पाय आत आणत होती. मला वाटलं, सवयच असेल. अर्धा तास उभा राहिलो आणि फोटो न काढता परत आलो. बारा वर्षांत पहिल्यांदा.

तिला काही कळू नये एवढंच वाटतं. मी कसा आहे तेही.

२७ जानेवारी

निवड झाली! राज्य स्पर्धा, सहा दिवस, गळ्यात ओळखपत्र. मायने शिरा केला. शेठजींनी शाल आणली, स्वतःच मला पांघरली आणि फोटोसाठी स्वतःच मध्ये उभे राहिले. रिंकूने काढला. सगळ्यांचे पाय आलेत त्यात.

संस्कृतीने शिरा खाल्ला नाही. पोट दुखतं म्हणाली.

२८ जानेवारी

सकाळी कारंज्याहून रंजीताचा फोन. आवाज शांत होता.

"विकासभाऊ, मोठा फोटो माह्याजोळ पंधरा दिवसापासून हाय. संस्कृतीनंच पाठवला, तुमची साईट उघडली त्याच दिवशी. म्हणे, मी बाद होती, मी कमिटीले सांगते. पन थोडं थांब म्हणे, माह्या दादाले दिसलं की तो सोताच सांगीन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"साईट लय सोपी हाय तुमची. आमी रोज उघडून पाह्यतो."