समुद्रफुलांचा उजेड

इंदोरा, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७८

चि. पुष्पलता हिस बाबाचे आशीर्वाद व जयभीम.

तू रत्नागिरीहून आणलेली दोन्ही समुद्रफुलं मले चैन पडू देत नाहीत. ट्यूब येईपर्यंत म्हणून त्यांच्या काचेच्या टाकीवर तू साठचा बल्ब लावून गेलीस. त्यात काहीच दिसत नव्हतं. मीनं शंभरचा लावला, परवा दोनशेचा. तरी अंधारच. शेजारच्या सिंधूताई म्हणतात, डोळे दिपतात. तिले काय समजते? कन्हानच्या खाणीत बत्तीघरात एकतीस वर्षं दिवे मी सांभाळले, का तिनं? कोणता दिवा लावू, लवकर कळव.

तुझा बाबा,
चंद्रभान

रत्नागिरी
१९ फेब्रुवारी

ती. बाबांना सविनय जयभीम, वि. वि.

पत्र वाचून धडकीच भरली. बल्ब आधी काढा! त्यानं पाणी तापतं. दिसायला फुलं असली तरी ते प्राणी आहेत, उकाड्यानं मरतात. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं, तेवढ्यासाठी उजेड. दोन फुटी पांढरी ट्यूब, एकच, पाण्याच्या वीतभर वर, दिवसाला दहा तास. खिडकीतलं ऊन नको. माझं इथलं सागरी जीवांचं प्रशिक्षण मेपर्यंत आहे, तोवर दोघांना जपा. आणि सिंधूताईंशी भांडू नका, तुमची भाजी त्याच आणून देतात.

तुमची,
पुष्पा

इंदोरा
३ मार्च

चि. पुष्पास आशीर्वाद.

ट्यूब आणली, तर धुरकट निघाली. सीताबर्डीच्या दुकानदाराशी भांडून दुसरी आणली. ती तशीच. आता तीन लावल्या आहेत. पोरी, कसं सांगू? लहान फूल गेलं. सिंधूताई म्हणाल्या, पांढरं पडलं होतं. हात लावला तर दगडावरून सुटून आलं. मोठंही आखडून राहिलं. तुले राग येईल, तो करून घे. पण उजेड काहून पुरत नाही, तेवढं सांग.

बाबा

रत्नागिरी
९ मार्च

ती. बाबांना सा. जयभीम.

राग नाही. तीन ट्यूबांखाली अंधार कसा राहील? फूल तर जास्त उजेडानं पांढरं पडतं. तुमची दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. ओळी एकमेकींवर चढल्यात, दुसऱ्यात तर पत्ताही सिंधूताईंच्या हातचा. बाबा, दिवा मंद नाही. एकेक डोळा झाकून ट्यूबकडे पाहा. मी शनिवारी निघते आहे.

पुष्पा

इंदोरा
२८ एप्रिल

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद.

आज डॉक्टरनं जाड भिंगाचा चष्मा दिला. हे पत्र पत्त्यासकट मीनंच लिहिलं, ओळी मोजून पाहा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनले तू आठ दिवस होतीस. रोज विचारत होतीस, आधी काहून सांगितलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. आता कागदावर सांगतो. दिवाळीपासूनच संशय होता. बोललो असतो तर तू रत्नागिरीले गेली नसतीस. मग दिव्यांलेच दोष देत बसलो, अन् त्यात एक जीव गेला. ते माझ्या मनातून जात नाही.

तू काढलेल्या दोन ट्यूबा परत लावल्या नाहीत. उन्हाळा कडक आहे, टाकीभोवती सिंधूताई ओलं पोतं गुंडाळतात. सकाळी त्यांनी दिलेला कोळंबीचा तुकडा चिमट्यानं पाण्यात सोडला. मोठ्या फुलानं हळूहळू बोटं मिटली अन् तो आत ओढून घेतला. त्याले तोंड आहे, हे मले आज दिसलं. सिंधूताईले हाक मारून बोलावलं, तर ती म्हणाली, मी रोजच पाहते.

घाई करू नको, शिकणं पुरं कर. या मुक्या जिवांले जीव लावते तसा लावत राहा.

तुझा,
बाबा