कुसुमचे उपवास

सोलापूर, गुरुवार, १४ ऑगस्ट १९७५

धाकट्या कुसुमचे ब्लाउज आज पुन्हा उसवून सैल केले. पाठदुखीमुळे वर्षापूर्वी मुंबईत तिने छाती शस्त्रक्रियेने कमी करून घेतली, तेव्हाच डॉक्टरांनी बजावले होते, वजन वाढले तर छातीही पुन्हा वाढेल. आणि ही सोमवार-गुरुवार उपवास धरून ताटभर साबुदाण्याची खिचडी खाते, वर शेंगदाण्याचे लाडू. उपवासाने माणूस वाळतो म्हणे! दोनदा ब्लाउज उसवले, तरी हिला कळू नये?

मी झापलेच. “उपवास बंद. भाकरी खा.”

“खाते की, ताई. पण ते तुझ्या ब्लडप्रेशरसाठी धरलेत.”

माझे उपवास यापुढे मीच करीन, असे सांगून टाकले. तिची पाठ पुन्हा दुखू लागली, तर मला बघवणार नाही.