निरोपाची कॉफी

प्रिय एनेसदादा,

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? छोट्या लेयलाचे दात आले का?

"शाळा न पाहिलेली बाई माझ्या मुलाला व्यापार काय शिकवणार?" असं फोनवर म्हणालास ना? आता ऐक.

विद्यापीठाच्या सहलीसोबत तुझा नेदिम इथे माझ्या सारायेवोला आला, तेव्हा तो नापास होण्याच्या काठावर होता. परीक्षेसाठी सगळ्यांना काम एकच होतं: म्हाताऱ्या तांबटाकडून विक्रीचा करार मिळवायचा. बाकीच्या पोरांनी स्वागताच्या कॉफीच्या पहिल्याच घोटाला कागद काढले. म्हाताऱ्याने लगेच निरोपाची कॉफी आणली, म्हणजे आता उठा!

नेदिमला मी आठवडाभर बजावलं होतं, आधी माणूस, मग माल. तो तासभर हातोड्यांच्या गप्पा मारत बसला. शेवटी म्हाताराच वैतागला, "अरे गाढवा, कागद आणलास की नाही?"

सही झाली, दादा! पोरगा वर्गात पहिला आला!

हे पत्र पोस्टात टाकवत नाही. राग माझ्याही नाकावर बसलाय. पण टाकलंच, तर लवकर उत्तर लिही.

तुझी अडाणी बहीण,
शेफिका