कार्डांवरची तिरकी रेघ

विक्रोळी, मार्च १९८६

चि. शकूस,
सप्रेम जयभीम.

अमेरिकेतल्या तुझ्या विद्यापीठाने तुला कायमची प्राध्यापकी देऊ केली. घेऊ की परत येऊ, असं विचारतेस. "अल्गोरिदम काय, मुंबईतही शिकवीन. तुम्ही तिथे एकटे ना, बाबा."

आमच्या कंपनीत नवा कॉम्प्युटर आला. प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं रद्दीत गेली आणि त्यांच्या मागोमाग मीही. साहेब म्हणाले, "भीमराजराव, आता आराम करा." प्रोग्रामिंग मी पुस्तकांतून एकट्याने शिकलो. आराम कुठल्या पुस्तकातून शिकू?

एक गठ्ठा घरी आणलाय. कार्डं सांडली तर क्रम लावता यावा म्हणून गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मी पेन्सिलीने तिरकी रेघ ओढायचो. लहानपणी तू मुद्दाम गठ्ठा पाडायचीस. "बाबा, रेघ न बघता लावून दाखवू?" तुझं क्रम लावायचं शास्त्र तिथून सुरू झालं, असं मी चाळीत ठणकावून सांगतो.

हे वाचलंस तर पुढच्या विमानाने येशील. म्हणून हे पत्र त्या गठ्ठ्याखालीच राहील. उद्या दुसरं टाकतो: तिथेच राहा गं, मला मशीनवरून मान वर करायलाही फुरसत नाही.

तुझे,
बाबा