टर्मिनलखालचा झेंडू

गुरुवार, डिसेंबर. संध्याकाळ.

सकाळी फोनवर शिवप्पाला जे बोललो, ते अजून टोचतंय. कालच त्याने स्टार्टरचं काम करून गाडी दिली, आणि आज चावी फिरवली तर नुसतं कट्कट्. आईला डोळे तपासायला न्यायचं होतं. ती शाल गुंडाळून फाटकाशी उभी. "असलं कच्चं काम करता?" म्हणालो, तेही शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने.

अर्ध्या तासात तो स्कूटरवरून आला. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलखाली हाराचा दोरा आणि झेंडूची एक पाकळी. आम्ही दोघांनीही पाहिली.

गॅरेजमधून आलेली गाडी हार घातल्याशिवाय बाहेर काढायची नाही, हा आईचा नेम. पुढच्या जाळीवर हार टिकत नाही, म्हणून काल मीच तो आत बांधला. पान्याने टर्मिनल सैल केलं, दोरा खालून घेतला, आणि परत आवळायचं राहून गेलं. शिवप्पाने ते आवळलं, आणि गाडी एका चावीत सुरू झाली.

"काय झालं होतं रे?" आईने विचारलं.

शिवप्पाने पाकळी मुठीत घेतली. "काय न्हाय, आई. थंडी लई हाय की. बॅटरी गारठली."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. चहा घेणार का, एवढंच विचारलं. तो नको म्हणाला. त्याने मला सांभाळलं, की आईच्या हाराला? ती पाकळी मुठीत तशीच घेऊन गेला.

वाटेत आई म्हणाली, "हार होता म्हणून थोडक्यात निभावलं."

मी हो म्हणालो.