पर्सी वॉलबीच आहे

४ मार्च
ट्रकनं उडवलेली मादी रस्त्याकडेला. पोटाच्या पिशवीत हात घातला, पिल्लू जिवंत. घरी आणून उशीच्या अभ्र्यात घातलं, चुलीशेजारच्या खुंटीला टांगलं. लळाबिळा काही नाही, उगाच मरायला कशाला सोडायचं? नाव पर्सी. मादी लहानखुरी होती, म्हणजे कांगारू नाही, त्याची छोटी जात, वॉलबीच. जन्म गेला या माळावर, मला कोण शिकवणार?
सून नोलीन म्हणाली, "वॉलबी असेल तर राहू दे, आई. मोठं काही निघालं तर घरात नको हं."

१९ एप्रिल
शेजारचा क्लॅरी आला. जन्मभर कांगारू मारले, म्हणून पंडित. म्हणे, "अगं मर्ल, वॉलबीच्या गालावर पट्टा असतो. याच्या कुठाय?"
म्हटलं, येईल. तुला तरी मिशी कुठे वेळेवर आली?

१ जून
पर्सीला दाट, राठ केस आलेत. जूनची थंडी आहे, येणारच. क्लॅरी म्हणे, "नाकाचं टोक बघ, काळं, उघडं. कांगारूच्या नाकावर लव असते. हा वॉलरू आहे, डोंगरावरचा, वॉलबीहून थोराड."
नाक कोरडं पडलंय, दुसरं काय? उद्यापासून रोज लोणी लावायचं.

३ जून
लोणी चाटून खातो. बंद.

११ ऑगस्ट
शेपटीनं चहाचं टेबल आडवं केलं. खोलीच लहान आहे.
उभा राहतो तो खांदे मागे टाकून, कोपरं अंगाशी आवळून, भांडायला निघालेल्या बाईसारखा. क्लॅरी म्हणे, वॉलरूची ढब. मी म्हटलं, माझ्याकडे बघून शिकला.

२ नोव्हेंबर
पर्सी आता नोलीनच्या छातीला लागतो. ती म्हणाली, "आई, हा वॉलबी असेल तर मीही वॉलबी." बरं बाई! उद्या डोंगरावर नेऊ. बाकीच्यांत सोडला की माझा वॉलबी कसा उठून दिसतो, ते कळेल दोघांना.

३ नोव्हेंबर
क्लॅरीच्या गाडीतून गेलो. वर खडकांत वॉलरूंचा घोळका. पर्सी उड्या मारत त्यांच्यात शिरला, वळूनसुद्धा बघितलं नाही. सुटले एकदाची.
नोलीननं विचारलं, "आपला कुठला?"
मी लगेच बोट दाखवलं. तो काय, शहाण्यासारखा उभा आहे.
क्लॅरीनं डोळे बारीक करून बघितलं. मग हळूच म्हणाला, "मर्ल, तो दगड आहे."
म्हटलं, ठाऊक आहे मला.
हात मात्र खाली घेतला नाही.