दर रविवारी आपोआप येणारे बाबा

प्रिय लुबेन,

हे पत्र शेजारच्या दोब्रीकाकांच्या जावयाच्या हाती देते आहे. गुरुवारी तो न्युर्नबर्गला तुमच्याच गोदामात माल उतरवणार आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अरे, फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. आईच्या अंत्यविधीला तुझा ट्रक सीमेवर अडकला, तू उशिरा पोचलास आणि बाबा दारातच म्हणाले, "माल पोचला ना वेळेवर? मग झालं तर." तेव्हापासून तुमचा दोघांचा अबोला आहे, आणि मधल्यामध्ये मी निरोप्याचं काम करून कंटाळले आहे.

इकडे टोमॅटो मस्त लागलेत. बाबांचा पॉडकास्टही जोरात आहे. एक निवृत्त बसड्रायव्हर परसातल्या टोमॅटोंवर अर्धा-अर्धा तास बोलणार आणि ते कोण ऐकणार, असं मला वाटलं होतं. आता वार्नाहून बायका त्यांना बियाणं मागतात, आणि दोब्रीकाका कुंपणावरून ओरडतात, "स्पास, माझ्या काकड्यांची बदनामी केलीस तर याद राख." पुढच्या भागात बाबा तेही सांगून टाकतात.

तू पहिल्यांदा स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेलास तेव्हाचं आठवतं? मी आईचा आवाज रेकॉर्ड करून एका साइटवर टाकला होता. तो तिथे आहे हे सांगायला आधी तुला फोन करावा लागला. मग सुट्टीच्या दिवशी तू गावात जाऊन कॅफेतल्या कॉम्प्युटरसमोर बसलास, आई "बाळा, नीट जेव" इथपर्यंत आली आणि लाइन गेली. नंतर इंटरनेटवर रेडिओ आले, पण ते लागायचे नेमके आपण कामावर असताना. आवाज तेव्हाही होते रे, पण आपण त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि तेही त्यांच्या वेळेला.

पॉडकास्टचं तसं नाही, आणि मला त्याचं अजून कौतुक वाटतं. एकदा सबस्क्राईब केलं की दर रविवारी सकाळी नवा भाग आपणहून येऊन तुझ्या खिशात बसतो. ऐक म्हणून मागे लागत नाही, नाही ऐकलं तर रुसत नाही. बोगद्यात रेंज गेली तरी बोलायचा थांबत नाही. शिवाय वर कोणी साहेब नाही. रेडिओवाल्यांनी बाबांना पाचव्या मिनिटाला उठवलं असतं. इथे ते मध्येच गप्प होतात, खोकतात, पाण्याचा पाइप बंद करून येतात आणि पुन्हा सुरू करतात. घरात कधी चार वाक्यं धड न बोललेला हा माणूस! ज्याने कोणी ही युक्ती काढली, त्याला एकदा घरी बोलावून जेवू घालावं असं वाटतं.

ईस्टरला सोफियात भेटलास, तेव्हा फोटो बघायचे म्हणून तुझा फोन घेतला आणि गुपचूप सबस्क्राईब करून बाबांना त्यात बसवून दिलं. तू काढून टाकशील असंच वाटलं होतं. मग जूनमध्ये तू सहज विचारलंस, "मंत्रीसाहेबांची चराई अजून चालू आहे का?" खालचे टोमॅटो खाणाऱ्या कासवाचं हे नाव बाबांनी फक्त पॉडकास्टमध्ये घेतलं होतं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले. मधल्या दोन-तीन भागांत बाबांचा आवाज घोगरा झालेला तुझ्याही लक्षात आला असेल. श्रोत्यांनी लिंडनच्या फुलांचा काढा सुचवला, बाबांनी तो मुकाट्याने घेतलाही.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. ती सर्दी नव्हती. स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट जातीची. मंगळवारी प्लोवदिवच्या इस्पितळात स्वरयंत्रच पूर्ण काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, आवाज नाही. येत्या रविवारचा भाग शेवटचा. मी तो ऐकला आहे. त्यात टोमॅटो नाहीत. आई आहे, तू आहेस, आणि दारात बोललेलं ते वाक्य आहे. रेकॉर्डिंग झाल्यावर बाबा मला म्हणाले, "पोराला आधी कळव. हे मेलं आपोआप येऊन पडतं, तो कुठे घाटात असेल. गाडी बाजूला घेऊन ऐक म्हणावं." तू ऐकतोस याबद्दल मी त्यांना अवाक्षरही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तो ऐकतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणाले, "कोणी नाही. पण मग इतके दिवस मी काय दोब्रीच्या काकड्यांशी बोलत होतो?" मला रडू आवरलं नाही, लुबेन. तो भाग तुझ्याकडे येईल आणि कायम राहील, पण तू काही विचारलंस तर उत्तर देणार नाही. सोमवारी रात्रीपर्यंत बाबा देतील. त्याच्या आत ये. भांडायला तरी ये.

तुझीच,
यान्का